मुकी नस

सुवर्णानं हर्षदाला वॉर्डच्या दारातच अडवलं.

"पाऊल पुढं टाकायचं नाही," ती म्हणाली.

हर्षदाच्या हातात स्टीलचा डबा होता, डब्यात बिनमिठाची पेज. "ताई, नुसतं लांबून बघते तिला."

"बघून काय करणारेस? भाषण देणारेस, कॅन्टीनमध्ये दिलं होतंस तसं?" सुवर्णानं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. "धडधाकट पोर होती माझी. डबा घे आणि जा."

सुवर्णा ही हर्षदाची थोरली जाऊ. आत खाटेवर होती तिची मुलगी ईश्वरी, वय बावीस, शिरवळच्या शुभ्रा सर्किट्स कंपनीत कामाला. चार दिवसांपूर्वी ती कामावर असतानाच कोसळली. पाय सुजलेले, पोटात काही ठरत नव्हतं. पुण्यात आणून सोनोग्राफी केली तेव्हा तिच्या मूत्राशयात पावणेदोन लिटर लघवी तुंबलेली निघाली. एवढी साठूनही तिला एकदाही जावंसं वाटलं नव्हतं. वर मूत्रपिंडं दाबानं फुगली होती आणि दोन्हींचं काम थांबत आलं होतं.

हर्षदा डबा घेऊन जिना उतरली. खाली आल्यावर तिनं घड्याळ बघितलं. तीन तास होत आले होते, म्हणून बाथरूम शोधून ती जाऊन आली. जावंसं तिलाही वाटलं नव्हतं. तिच्याही माकडहाडाच्या वर ईश्वरीच्या पाठीत होती तीच बी, नस गप्प करणारं यंत्र, बसवलेली होती. फरक एवढाच, की तिनं ती हात जोडून मागून घेतली होती.

हर्षदाचं दुखणं तिसाव्या वर्षी सुरू झालं. लघवी थोडी साठली की ओटीपोटात कुणी मिरची वाटल्यासारखी आग व्हायची. जाऊन आलं की दहा मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. दिवसातून तीस-पस्तीस वेळा. तपासण्या सगळ्या स्वच्छ यायच्या. जंतू नाहीत, खडा नाही, गाठ नाही. एका डॉक्टरांनी लागोपाठ नऊ वेळा अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यांनी तिच्या नवऱ्याला, रणजितला, बाजूला घेऊन विचारलं की घरात काही ताण आहे का. बालवाडीतली नोकरी गेली. शिरवळपासून पुण्यापर्यंतचं एकूण एक शौचालय तिला पाठ झालं. कामाची वेळ झाली की हिला बरोबर दुखतं, असं सुवर्णा तिला ऐकू जाईल इतपत आवाजात बोलायची. रणजित काहीच बोलायचा नाही, आणि ते जास्त लागायचं.

दुखण्याच्या नवव्या वर्षी ती डॉ. सुमेधा रेगे यांच्या केंद्रात पोचली. बाईंनी रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर चित्र काढलं.

मूत्राशय ही नुसती पिशवी नाही, त्या म्हणाल्या. तिला आतून एक बुळबुळीत अस्तर असतं. त्याच्यामुळं लघवीतले क्षार भिंतीला लागत नाहीत. काही जणांत हे अस्तर विरतं. का विरतं ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. मग क्षार आत झिरपतात आणि तिथल्या अगदी बारीक नसा जाग्या होतात. या नसा एरवी जन्मभर गप्प असतात. 'पिशवी भरली, आता जा' हा निरोप नेणाऱ्या नसा वेगळ्या, त्या जरा जाड. बारीक नसा एकदा जाग्या झाल्या की गप्प बसत नाहीत. त्यांचा आरडाओरडा ऐकून ऐकून मणक्यातल्या मज्जारज्जूला त्याची इतकी सवय होते, की पुढं अस्तर भरून आलं तरी तिला आगच ऐकू येते.

"लोक अस्तर दुरुस्त करायच्या मागं आहेत," बाई म्हणाल्या. "करू देत. मी निरोपाची वाट अडवणार आहे."

त्यासाठी त्यांनी चिंचोक्याएवढं यंत्र बनवलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव शमनी. बायका त्याला बी म्हणायच्या. पाठीच्या तळाशी मूत्राशयाची नस जिथून कण्यात शिरते तिथं ती बी बसवायची. ती नसेवरून जाणारे निरोप ऐकते, बारीक नसांचा ठेका ओळखते आणि त्यांच्यावर उलटी लहर सोडते. निरोप तिथंच विझतो. किती निरोप अडवायचे ते 'उंबरा' ठरवतो. उंबरा खाली असला तर फक्त वेदना अडते. वर नेला की भरल्याची भावनाही अडायला लागते. हर्षदासारख्या रुग्णांत थोडी अडायचीच, म्हणून त्यांनी दर तीन तासांनी घड्याळ बघून जायचं. बी जे जे ऐकेल ते पुण्याच्या केंद्रात नोंदवलं जायचं, आणि दर तीस दिवसांनी केंद्रातून तिला परवानगी मिळाली नाही तर ती आपोआप थांबायची.

बी बसवल्यावर आठवड्याभरात हर्षदा रणजितबरोबर शिरवळहून कोल्हापूरला गेली, मध्ये कुठंही न उतरता. कराडच्या पुढं तिच्या ध्यानात आलं की आपण खिडकीतून ऊस बघतोय. मागची नऊ वर्षं तिनं कुठल्याही खिडकीतून फक्त पुढचं शौचालय शोधलं होतं.

वर्षभरानं ती रेगेबाईंच्या केंद्रातच रुग्णसाहाय्यक म्हणून लागली. नव्या बायकांना धीर द्यायचा, त्यांचे फॉर्म भरायचे, घड्याळाची सवय लावायची. बाईंचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता.

दोन वर्षांनी शुभ्रा सर्किट्सची माणसं केंद्रात आली. कंपनी चिप बनवायची. जिथं चिप बनते त्या क्लीनरूममध्ये धुळीचा कणही चालत नाही, म्हणून आत शिरताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो. एकदा बाहेर येऊन परत आत जायचं म्हणजे पंचवीस मिनिटं. आत साडेतीनशे बायका होत्या आणि प्रत्येकीला दिवसातून तीन-चार वेळा जावं लागायचं. कंपनीनं विचारलं, निरोगी बाईला बी बसवता येते का?

नियमानं येत नव्हती. 'वारंवार लघवी व वेदनेचा त्रास' असं लिहिलेलं असेल तर येत होती.

"निरोगी बायका आहेत मॅडम," हर्षदा म्हणाली होती. "त्यांना कशाला?"

"आजारी नसांच्या नोंदी माझ्याकडं ढीगभर आहेत," रेगेबाई म्हणाल्या. "निरोगी नस बिघडताना एकदाही बघायला मिळालेली नाही. ते बघितल्याशिवाय आजाराचं मूळ कसं सापडणार? वेदनेपुढं दहापैकी पाच-सहा असा आकडा लिही. कुणाचं काही बिघडत नाही, आणि तुझ्यासारख्या हजारोंचं भलं होईल."

हर्षदानं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून आपली हकिकत सांगितली. मुली टाळ्या वाजवत होत्या. मग टेबल मांडून तिनं दोन दिवसांत तीनशे बारा फॉर्म भरले. दोनशे सातव्या क्रमांकाला ईश्वरी येऊन बसली.

"काकू, मला काही होत नाही गं," ती हळूच म्हणाली. "पण बी नसली तर पॅकिंगला टाकतात. माझं सगळं ट्रेनिंग क्लीनरूमचं आहे."

हर्षदानं पेन थांबवलं होतं.

"तुला काही झालं नाही ना आजपर्यंत?" ईश्वरीनं विचारलं.

"नाही," हर्षदा म्हणाली. ते खरंच होतं. तिनं वेदनेच्या चौकटीत सहा लिहिलं.

पुढं कंपनीनं उंबरा वाढवला. आठ तासांची पाळी, मग दहाची. मुलींना भरल्याचं कळेना, घड्याळ बघून बाहेर यायची परवानगी मिळेना. ताणून ताणून मूत्राशय सैल पडतं आणि आकुंचन पावायचं विसरतं. मग लघवी उलट्या वाटेनं वर दाब टाकते. एरवी असा दाब माणूस तासभरही सहन करू शकत नाही. या मुलींना तो महिनोन् महिने कळलाच नाही. ईश्वरी पहिली कोसळली. त्याच आठवड्यात आणखी दोघी.

सरकारनं चौकशी समिती नेमली. हर्षदाला साक्षीची नोटीस आली, आणि ती घेऊन ती रेगेबाईंसमोर उभी राहिली.

"काय सांगणार आहेस?" बाईंनी विचारलं. बस म्हणाल्या नाहीत.

"झालं ते."

"काय झालं ते तुला कळलंय का? कंपनीनं उंबरा वाढवला. मी नाही."

"वाढवायचा अधिकार तुम्ही दिलात."

"दिला. जाणूनबुजून दिला." बाई उठून खिडकीशी गेल्या. "समितीनं परवाना थांबवला की इथून परवानगी जाणं बंद. महिन्याभरात अकराशे बायका पुन्हा तिथं जातील, जिथं तू होतीस. त्यातली एक बाई दोनदा जीव द्यायला गेलेली आहे. तिला तू समजावलंस, आठवतं? तिला काय सांगशील?"

हर्षदानं हातातल्या नोटिशीची घडी घातली.

"आणि मी कुठवर आलेय ते बघ." बाईंनी टेबलाशी येऊन संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. त्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडं जात होती. आधी सपाट, मग बारीक काटे, मग काट्यांचं रान. बाईंचा आवाज बदलला, त्यात जिव्हाळा आला. "ही एक निरोगी नस. इथं, नवव्या महिन्यात, पहिली बारीक नस जागी झाली. मग शेजारची. मग सगळ्या. अस्तर विरायच्या आधी ताण येतो, आणि ताणानं नस स्वतःच एक रसायन सोडते, त्यानं अस्तर विरतं. म्हणजे सगळे उलट समजत होते. आजार भिंतीतून नसेत येत नाही, नसेतून भिंतीत जातो. जिवंत माणसात हे आजवर कुणी बघितलेलं नाही, हर्षदा. मला अजून दोन वर्षं दे. औषध निघेल."

हर्षदा रेघेकडं बघत नव्हती. कोपऱ्यात आकडा होता तो बघत होती.

"दोनशे सात," ती म्हणाली.

"नावं माझ्याकडं नसतात."

"फॉर्म मी भरलेत. दोनशे सात माझी पुतणी आहे."

बाईंनी कोपऱ्यातल्या आकड्याकडं एकदा बघितलं.

"हे काटे कधीपासून आहेत?"

"पाच महिने."

"पाच महिने तिला दुखत होतं आणि तुम्ही बघत बसलात."

"दुखत नव्हतं तिला," बाई शांतपणे म्हणाल्या. "निरोप वर पोचतच नव्हता. दुखणं म्हणजे पोचलेला निरोप. शास्त्र म्हणून विचार कर जरा."

"तेव्हाच उंबरा खाली आणला असता तर?"

"तर पुढचं काहीच कळलं नसतं."

मग बाईंनी पडदा पुन्हा स्वतःकडं वळवून घेतला.

"साक्ष जरूर दे," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या बीची परवानगी अठ्ठावीस तारखेला संपते, हेही ध्यानात ठेव. आणि उद्यापासून इथं येऊ नकोस."

बातमी केंद्रातूनच फुटली असावी. दुसऱ्या दिवसापासून हर्षदाचा फोन थांबेना. जालन्याची एक बाई, जिला हर्षदानंच बी घेण्यासाठी राजी केलं होतं, ती म्हणाली, "तुमच्या घरातली पोर आजारी पडली म्हणून आमचं काढून घेताय होय? मी दोन वर्षांनी कुठं सासरच्या माणसांत बसून जेवायला लागलेय." हर्षदा ऐकत राहिली. बाईनं शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला. मला जे होईल ते तुम्हाला दुप्पट होवो, इतकंच.

शुक्रवारी दुपारी कंपनीतल्या सहा जणी दारात आल्या. पुढं पल्लवी होती, क्लीनरूमची गटप्रमुख. तिनं चप्पल काढली नाही.

"उंबरा कमी करा म्हणावं समितीला," ती म्हणाली. "बी काढू नका. बी गेली तर आमच्या जागी यंत्रं येतील. कंपनीनं जागेची मापं घेऊन ठेवलीत."

"ईश्वरीचं काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. वाईट झालं. पण तिच्या एकटीपायी आम्ही तीनशे जणी घरी बसायच्या का? आणि टेबलावर बसून आकडे कोण लिहीत होतं, ताई? मला साडेपाच लिहिलंय. साडेपाच. मला आयुष्यात कधी तिथं दुखलेलं नाही."

"तेच सांगणार आहे मी."

"सांग. मग इथं कशी राहतेस ते बघू."

त्या गेल्या. रणजित आतल्या खोलीत उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तू गेली नाहीस तर कुणी ओढून नेणार नाही तुला," तो म्हणाला. "आजारी आहे म्हणून कळव."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला ते दिवस परत बघायचे नाहीत."

"तुम्ही बघितलेत कुठं?" हर्षदा म्हणाली.

सुनावणीच्या सकाळी मात्र रणजितनं गाडी काढली, तिला पुण्याला सोडलं आणि फाटकाबाहेरच थांबला.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, एक मूत्रपिंडाचे डॉक्टर, एक सरकारी अधिकारी. समोर कंपनीचा वकील आणि दोन खुर्च्या सोडून रेगेबाई. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. हर्षदा आत आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"फॉर्मवर वेदनेचा आकडा कुणी लिहिला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी."

"मुलींना विचारून?"

"विचारलं होतं. त्या म्हणाल्या काही त्रास नाही. मी पाच, साडेपाच, सहा असं लिहिलं."

"किती जणींचं?"

"तीनशे बारा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

हर्षदानं रेगेबाईंकडं बघितलं. या बाईंनी तिला आयुष्य परत दिलं होतं. "डॉक्टर मॅडमच्या," ती म्हणाली. "पण पेन माझ्या हातात होतं. मला नाही म्हणता आलं असतं."

वकील उठला. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

"लिहिलं."

"स्वतःच्या पुतणीचंही?"

"तिचंही."

"मग आज खरं बोलताय असं आम्ही का मानावं? केंद्रातून काढून टाकलं म्हणून सूड घेत नसाल कशावरून?"

"मानू नका," हर्षदा म्हणाली. "दोनशे सात क्रमांकाची नोंद मागवा. पाच महिन्यांपूर्वीपासूनची. नाव त्यावर नाही, ते फॉर्मवर आहे. फॉर्म माझ्या अक्षरात आहे."

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाच महिने नोंद येत होती? कुणी बघितली?"

उत्तर हर्षदानं द्यायची गरज पडली नाही. रेगेबाईंनी वही मिटली आणि उभ्या राहिल्या. "मी बघितली," त्या म्हणाल्या. "आणि त्या नोंदीत काय आहे हे कळायची तुमच्यापैकी कुणाची पात्रता नाही." मग त्या तशाच चालत बाहेर गेल्या.

चौदा दिवसांत आदेश निघाला. बाईंचा परवाना स्थगित झाला, केंद्राला कुलूप लागलं आणि नोंदींना सील. कंपनीवर खटला उभा राहिला. दोन महिन्यांत क्लीनरूममध्ये यंत्रांचे हात आले, आणि तीनशे बायकांतल्या चाळीसच कामावर राहिल्या. पल्लवी त्या चाळिसांत नव्हती. किराणा दुकानात हर्षदा शिरली की बायका बोलायच्या थांबायच्या. एकदा तिच्या दारावर कुणीतरी शेण फासून गेलं. ते रणजितनं धुतलं.

बी अठ्ठावीस तारखेला थांबली. दुपारी हर्षदा गवार मोडत बसली होती. आधी तिला नुसतं भरल्यासारखं वाटलं. घड्याळ न बघता कळलं, याचं तिला क्षणभर नवलच वाटलं. ती जाऊन आली. संध्याकाळपर्यंत ती सहा वेळा जाऊन आली होती. तिसऱ्या दिवशी आग पहिल्यासारखी झाली. उलट जास्तच, कारण मधल्या वर्षांत तिनं सोसायची सवय सोडून दिली होती.

आदेशात एक कलम होतं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी अर्ज करावा. दुसऱ्या सरकारी केंद्रातून त्यांची बी चालू होईल. या आजारात दुर्बिणीतून बघितलं तरी पुष्कळदा काही दिसत नाही, म्हणून निर्णय वेदनेच्या रोजनिशीवर व्हायचा. रोज किती दुखलं ते अर्जदारानं स्वतः लिहायचं. जालन्याच्या बाईला सूट मिळाली. अकराशेंतल्या नऊशेंना दोन-तीन महिन्यांत मिळाली. त्यातल्या कुणी हर्षदाला कळवलं नाही. तिनं सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत बघितलं.

हर्षदाच्या अर्जाचं उत्तर एका ओळीत आलं. 'अर्जदाराने वेदनेच्या नोंदी खोट्या भरल्याचे समितीसमोर स्वतः कबूल केलेले असल्याने तिची रोजनिशी पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.'

रणजितनं ते दोनदा वाचलं. "हे काय," तो म्हणाला. "मी सांगतो ना त्यांना. मी बघतोय रोज." तो खरंच साताऱ्याच्या सरकारी कचेरीत जाऊन सांगून आला. तिथल्या बाबूनं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सुवर्णाचा फोन आला. हर्षदाचं नाव न घेता, जणू परक्याला सांगावं तसं ती म्हणाली, "ईश्वरीनं बोलावलंय. मी म्हटलं नको. ती ऐकत नाही."

डायलिसिसचा कक्ष पुण्यातच, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. सुवर्णा बाहेरच्या बाकावर बसली होती. हर्षदा समोरून गेली तेव्हा तिनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

ईश्वरी खुर्चीत आडवी होती. दंडातून दोन नळ्या निघून शेजारच्या यंत्रात गेल्या होत्या. चेहरा सुजून रुंद झाला होता, आणि त्या चेहऱ्यात आपली ईश्वरी शोधायला हर्षदाला थोडा वेळ लागला.

"बस," ईश्वरी म्हणाली.

हर्षदा स्टुलावर बसली. येताना खेड शिवापूरला आणि कात्रजला थांबली होती, तरी आग वाढत चालली होती. तिनं पाय आवळून घेतले.

"समितीत तू सांगितलंस ते पेपरात वाचलं," ईश्वरी म्हणाली. "तिथं सगळ्यांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

"तुझी आई येऊ देत नव्हती."

"फोन होता."

"होता," हर्षदा म्हणाली. "धीर झाला नाही."

"माझ्या नावापुढं किती लिहिलंस?"

"सहा."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"काही होत नाही म्हणाली होतीस."

"मग तू थांबलीस. मला आठवतंय, तू पेन थांबवलं होतंस. मला वाटलं, नको म्हणेल आता काकू. तू नको म्हणाली असतीस तर मी पॅकिंगला गेले असते." ईश्वरीचा आवाज सपाट होता. "का नाही म्हणालीस?"

हर्षदानं तयारी करून आणलेली उत्तरं होती. बाईंचे उपकार, हजारोंचं भलं, आजाराचं मूळ. तिनं त्यातलं एकही काढलं नाही. "मॅडमना वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली. "तेवढ्याचसाठी."

ईश्वरी बराच वेळ वरच्या पंख्याकडं बघत राहिली. यंत्र घरघरत होतं.

"बी काढल्यापासून मलाही दुखतं," ती शेवटी म्हणाली. "मूत्रपिंडं नाही, ती दुखत नाहीत. तिथं खाली. डॉक्टर म्हणतात नसा जाग्या झाल्यात, आता त्या झोपायच्या नाहीत. मूत्रपिंड बदलून मिळेल कदाचित, हे नाही बदलत." ती थांबली. "आत्ता विचारलंस तर सातच्या पुढं सांगेन."

हर्षदानं हात पुढं केला. ईश्वरीनं नळ्या नसलेला आपला हात उचलून पोटावर ठेवला, तिच्या हाताला लागू दिला नाही.

"माफ कर म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी करणार नाही. तेवढंच तोंडावर सांगायला बोलावलं होतं."

"बरं," हर्षदा म्हणाली.

ती उठायला गेली आणि अर्ध्यातच वाकली. कपाळावर घाम फुटला होता. तिनं खुर्चीच्या दांडीला धरलं, दोन श्वास घेतले, पण सरळ होता येईना. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. लांबून नर्सनं विचारलं, काय झालं हो बाई, चक्कर आली का.

"चक्कर नाही," ईश्वरी नर्सला म्हणाली. मग हर्षदाकडं न बघता, पंख्याकडंच बघत ती म्हणाली, "डाव्या हाताला जा. शेवटचं दार. कडी लागत नाही, आतून हातानं धरून बस."